खुले पत्र : वाचनालयातली एक खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळी

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, चिकित्सक विचार, विज्ञान आणि मानवतावाद या विषयांवर मराठीत स्वतंत्र पॉडकास्ट चालवणाऱ्या आम्हा मंडळींना आपल्याकडे जागा मागायची आहे. मागणी छोटी आहे, म्हणून आधीच मांडतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, वाचनालय बंद झाल्यावर दोन-दोन तास, पुस्तकांच्या कपाटांची खोली. सामान ठेवायला कुलपाचा एक कप्पा. आणि जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड त्याच खोलीत, ग्रंथपालांच्या देखत, चाळण्याची परवानगी. अनुदानातला पैसा नको, नवे बांधकाम नको, फलकावर नाव नको.

ही मागणी आपल्याच परंपरेतली आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला भरते आणि गावोगावची ग्रंथालये आजही व्याख्यानांना सभागृह देतात. सभागृह दिले म्हणून वक्त्याच्या प्रत्येक मताची हमी ग्रंथालयाने घेतली असे कोणी मानत नाही. पॉडकास्ट म्हणजे खुर्च्या न मांडता भरणारे व्याख्यान. श्रोता एसटीत असतो, स्वयंपाकघरात असतो, रात्रपाळीच्या चौकीत असतो, एवढाच फरक.

भाड्याचा स्टुडिओ का नको, असे आपण विचाराल. तिथे तासाचे मीटर पळत असते. एखादा आकडा खात्रीचा वाटला नाही तर थांबून, संदर्भ काढून, पुन्हा बोलायला उसंत राहत नाही, आणि चिकित्सेच्या कार्यक्रमाचे सगळे काम त्या थांबण्यातच आहे. घरी कुकरच्या शिट्ट्या असतात, लिफ्ट असते, वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकतात. पुस्तकांच्या खोलीत शांतताही मिळते आणि संदर्भही हाताशी असतो.

आवाजाच्या दृष्टीने ही खोली किती चांगली आहे ते एका टाळीत कळते. आधी रिकाम्या सभागृहात मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळी संपल्यावर मागे एक टणत्कार रेंगाळतो. समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात. तीच टाळी देवघेव विभागात, दोन कपाटांच्या मधल्या बोळात वाजवा. ती तिथल्या तिथे विझते. पुस्तकांचा कागद वरच्या पट्टीतले स्वर शोषतो आणि कमी-जास्त जाडीच्या, पुढे-मागे आलेल्या पुस्तकांच्या कण्यांमुळे उरलेला आवाज विखुरला जातो. स्टुडिओवाले भिंतीला फोमचे चौकोन चिकटवतात, पण त्या पातळ फोमपेक्षा भरलेले कपाट उजवे. मात्र लोखंडी कपाटाची काचेची दारे बंद राहिली तर हा फायदा निम्मा जातो, शिवाय सैल काच खालच्या पट्टीतल्या पुरुषी आवाजाला थरथरते. ध्वनिमुद्रणापुरती दारे उघडी ठेवावी लागतील. खाली फरशी आणि वर स्लॅब अशी जोडी असेल तर जमिनीवर सतरंजी हवी. टेबलावरही सतरंजीची घडी टाकावी लागते, कारण तोंडातून निघालेला आवाज टेबलावर आपटून क्षणभर उशिराने माइकमध्ये शिरतो आणि बोलणे पोकळ, डब्यातल्यासारखे होते.

यातला खरा शत्रू छताचा पंखा. तो बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात बंद खोलीत दोन तास पंख्याविना बसणे माणसाच्या तब्येतीला मानवणारे नाही. म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे करायचे, मध्ये पाच मिनिटे पंखा. गोंगाट नंतर संगणकावर पुसता येतो असे सांगणारे भेटतील. त्यांनी मराठी ऐकून पाहावे. पंख्याचा घोंघावा आणि ख, घ, फ, भ या महाप्राणांतला श्वास हे दोन्ही त्या सॉफ्टवेअरच्या लेखी हवेचे सारखेच खसखसणे. थोडी मात्रा चालते. जास्त दिली की ते दोन्ही पुसते. मग ‘भात’चा ‘बात’ होतो, ‘खोल’चा ‘कोल’ होतो, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि वक्ता पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. औषधाचे नाव सांगणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडचे एक अक्षर असे खाल्ले गेले तर ती शुद्धलेखनाची चूक उरत नाही.

पंख्याखेरीज जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची गुणगुण असते, इन्व्हर्टरचा घरघराट असतो, व्हरांड्यातल्या पाण्याच्या कूलरचा कॉम्प्रेसर मध्येच दचकून सुरू होतो. कूलरचा प्लग काढला तर तो परत लावायची जबाबदारी आमची. कूलरवरच लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी वाचकांना कोमट पाणी मिळत नाही. पत्र्याच्या छपराला इलाज नाही. जून ते सप्टेंबर अशा इमारतीत मुद्रणाचा हट्ट धरू नये, त्या महिन्यांत संदर्भाचे काम उरकावे. आरती, अजान, जवळच्या शाळेची घंटा यांच्या वेळा टिपून त्यांच्या मधले तुकडे घ्यायचे. गाव आपल्या वेळेने चालते, मुद्रण त्यात बसवायचे असते.

सामान एका पिशवीत मावते. दोन डायनॅमिक माइक, दोन स्टँड, दोन केबली, एक रेकॉर्डर, दोन हेडफोन. कंडेन्सर माइक महाग आणि नाजूक कानाचा. तो रस्त्यावरची रिक्षाही टिपतो, म्हणून या कामाला डायनॅमिकच बरा. तोंडापासून चार बोटे ते एक वीत, किंचित बाजूला. हे अंतर दुप्पट केले की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो, आणि पाहुणे बोलता बोलता मागे रेलतातच. माइक बाजूला ठेवायचे कारण प, फ, ब, भ यांचा फटका. समोरून बोलले तर प्रत्येक ‘प’ला ढोल वाजतो. रेकॉर्डरच्या मापावर शून्य म्हणजे आवाज फाटण्याची हद्द; सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावली की हसण्याच्या भरातही आवाज फाटत नाही. प्रत्येक माइकची फाइल वेगळी, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यात अडकत नाही. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि २४ बिट या दर्जाची फाइल एका माइकला ताशी सुमारे ५२० एमबी होते. दोघांच्या गप्पांना तासाला एक जीबी धरा. शेवटी कोणीही न बोलता खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता मुद्रित करायची. कापाकापीच्या जागी तीच भरतात, नाहीतर सांधा ऐकू येतो.

विजेचा प्रश्न बैठकीत निघेल म्हणून हिशेब देतो. ६० वॅटचा लॅपटॉप दोन तास चालला तर एका युनिटचा आठवा भाग जळतो. सॉकेटला अर्थिंग नीट नसेल तर मुद्रणात गुणगुण शिरते, तेव्हा आम्ही शक्यतो बॅटरीवरच काम करू.

आता संदर्भाकडे येतो. या प्रकारच्या पॉडकास्टचे बरेवाईट माइकवर ठरत नाही, तपासणीच्या तक्त्यावर ठरते. तक्त्यात चार रकाने असतात: बोलले जाणारे विधान, त्याचा मूळ स्रोत, पान, आणि तपासणाऱ्याचे नाव. ज्याने संहिता लिहिली त्याने स्वतःचे विधान तपासायचे नाही. अर्ध्या तासाच्या भागात साडेतीन हजारांच्या आसपास शब्द असतात आणि त्यांत तपासण्याजोगी विधाने तीस-चाळीस सहज निघतात. ‘अमेरिकेत सिद्ध झाले आहे’ अशा वाक्याला मूळ शोधनिबंध मिळाला नाही तर ते वाक्य जाते, मग ते आपल्या बाजूचे का असेना.

आपल्या बाजूच्या वाक्यांवरच जास्त कडक राहावे लागते. पुण्यातली फलज्योतिषाची चाचणी घ्या. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती २००८ मध्ये घेतली, आणि तिचा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्यांच्या साठ्यातून प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. उत्तरे पाठवली २७ जणांनी. बरोबर उत्तरांची सरासरी सुमारे ४६ टक्के आली. सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४.

श्रोत्याला नुसते ‘४६ टक्के’ सांगून टाकले तर त्याला ते काठावर नापास झाल्यासारखे वाटते. नाणे उडवले तरी ५० टक्के येतात, हे त्याच वाक्यात यायला हवे. २४ गुण मिळवणाऱ्याचे काय, असा प्रश्न विचारणारा श्रोता चांगला प्रश्न विचारत असतो. २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांतल्या तिघा-चौघांना २४ किंवा अधिक मिळाले असते. म्हणून यशाची रेषा २८ वर ठेवली होती. निव्वळ नशिबाने २८ गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. आणि दुसऱ्या बाजूने, ‘फलज्योतिष खोटे ठरले’ असे सरसकट बोलणेही चूक. ठरले ते इतके: कुंडलीवरून बुद्धिमत्ता ओळखता येते हा दावा या चाचणीत टिकला नाही. हे नेमके वाक्य बोलायला धीर लागतो, आणि ते बोलण्याआधी मूळ लेख समोर लागतो.

इथे आपले बांधीव खंड येतात. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. चमच्याच्या काठाशी मूर्ती टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि दगडावरून पातळ थर होऊन खाली ओघळते. दुधात रंग मिसळला की तो ओघळ दिसतो. हे भौतिकशास्त्र कुठेही वाचायला मिळेल. पण आपल्या तालुक्यात त्या दिवशी काय घडले, कोणत्या शिक्षकाने चौकात प्रयोग करून दाखवला, हे सापडले तर त्या आठवड्यातल्या स्थानिक वृत्तपत्राच्या खंडातच सापडेल. तो खंड कसरीने खाल्ला की तो दिवसही गेला. खंड आम्ही उशीवर ठेवून उघडू, कणा मोडेल असा सपाट दाबणार नाही, फ्लॅश वापरणार नाही.

वाचून काय दाखवता येते, हेही लिहून ठेवतो, कारण हक्कांच्या भीतीने पुष्कळदा सगळेच नाकारले जाते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मोजतात. आगरकर १८९५ मध्ये गेले. त्यांचे लेखन केव्हाच खुले. र. धों. कर्वे १९५३ मध्ये गेले, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’मधले त्यांचे स्वतःचे लेख १ जानेवारी २०१४ पासून कोणालाही पूर्ण वाचता येतात. त्याच अंकांतल्या इतर लेखकांचे मात्र वेगळे मोजावे लागते. प्रबोधनकार ठाकरे १९७३ मध्ये गेले, तेव्हा २०३३ अखेरपर्यंत त्यांचे सबंध लेख परवानगीशिवाय वाचायचे नाहीत. चर्चेपुरता छोटा उतारा चालतो.

कानाने ऐकायच्या मराठीत आकड्यांचा एक खास घोळ आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे धावत्या बसमध्ये एकसारखे ऐकू येतात. म्हणून महत्त्वाचा आकडा दोनदा सांगायचा: ‘एकोणसत्तर, म्हणजे सत्तरला एक कमी’. आवाजावरून आपोआप मजकूर उतरवणारी सॉफ्टवेअरे अडीच, सव्वाशे, पावणेदोन इथे हमखास अडखळतात आणि माणसांची आडनावे बिघडवतात. त्यामुळे उतरलेला मजकूर माणसाने आवाज ऐकत, ओळ न ओळ लावून पाहायचा. अर्ध्या तासाच्या भागाला या एकाच कामात दोन-अडीच तास जातात आणि ते टाळता येत नाहीत, कारण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तोच आमचा कार्यक्रम असतो.

प्रसिद्धीचे काम सोपे आहे. एका वाहिनीची, ६४ केबीपीएसची एमपी३ फाइल अर्ध्या तासाला १५ एमबीच्या आत राहते, गावाकडच्या नेटवर्कवरही उतरते. आवाजाची सरासरी पातळी उणे १९ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या जोराचे माप). फीडचा, म्हणजे नवे भाग श्रोत्यांच्या ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या दुव्याचा, पत्ता स्वतःच्या डोमेनवर ठेवायचा, म्हणजे होस्टिंग बदलले तरी श्रोते तुटत नाहीत.

आता ज्या मुद्द्यावर बैठकीत सगळे गप्प होतील तो. ‘उद्या वाद झाला तर?’ ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉ. गोविंद पानसरे गेले. ज्या ग्रंथपालाला संध्याकाळी एकट्याने कुलूप लावून घरी जायचे असते त्याची काळजी खरी आहे. म्हणून अटी आम्हीच सुचवतो. मुद्रणाची वेळ आणि जागा बाहेर जाहीर करायची नाही, थेट प्रक्षेपण करायचे नाही, ग्रंथालयाचे नाव आपल्या लेखी संमतीशिवाय घ्यायचे नाही. प्रकाशक आम्ही, जबाबदारी आमची, हे सही करून देऊ. कोण आले, कधी गेले याची वहीत नोंद राहील, म्हणजे तपासणीच्या वेळी आपल्याला उत्तर द्यायला कागद असेल. किल्ली नेहमी दोघांच्या हाती, आणि पाहुणी स्त्री असेल तर घरी पोहोचेपर्यंत सोबत.

मजकुराचेही नियम आहेत. प्रश्न दाव्याला विचारायचा, भाविकाला नाही. कुणालाही नाव घेऊन भोंदू म्हणायचे नाही. गुन्हा दाखल असेल तर त्याची तारीख आणि कलम सांगायचे, त्यापुढे एक शब्द नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ अब्रुनुकसानीचे, २९९ धार्मिक भावना दुष्ट हेतूने मुद्दाम दुखावण्याचे; भागाची संहिता लिहून झाली की ती या दोन कलमांसमोर ठेवून एकदा वाचतो. एखाद्या औषधाची चर्चा असेल तर १९५४च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींसंबंधीच्या कायद्याची अनुसूची पाहतो. आणि ज्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव काढले की ‘हे वारीच्या, कीर्तनाच्या विरोधात आहेत’ असे म्हटले जाते, त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या मंडळात वारकरी असतील तर त्यांना हे कलम आवर्जून वाचून दाखवावे. ठरावात आधार लागला तर राज्यघटनेचे कलम ५१क (ज) आहे: वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य. आमच्या कार्यक्रमाचे तिन्ही विषय त्या एका ओळीत आहेत.

जात पंचायतीने वाळीत टाकलेली किंवा करणीचा आळ आलेली माणसे बोलायला तयार होतात तेव्हा सर्वांत जास्त जपावे लागते. आवाजाची पट्टी बदलून ओळख लपते हा गैरसमज आहे. बदललेली पट्टी कोणीही उलटी फिरवू शकतो, आणि बोलण्याची लकब, गावाची बोली तशीच राहते. अशा वेळी त्यांचे म्हणणे लिहून घ्यायचे, ओळख पटेल असे तपशील काढायचे, ते त्यांना वाचून दाखवायचे, दुसऱ्या माणसाच्या आवाजात मुद्रित करायचे आणि मूळ फाइल कार्डासकट नष्ट करायची. २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तक्रार कशी करतात हे त्याच भागात सांगायचे. अशी मुलाखत घरातल्या हॉलमध्ये घेता येत नाही. तिला बंद दार लागते, आणि त्या माणसाला आत येताना कुणाला संशय येणार नाही अशी इमारत लागते. वाचनालयात कोणीही येते.

आम्हांला खोली दिली म्हणून इतरांना नाकारू नका. याच अटींवर कीर्तनकारांना द्या, शेतीवर बोलणाऱ्यांना द्या, शाळेच्या नाट्यमंडळाला द्या. वही एक, नियम एक.

बदल्यात वर्षाच्या शेवटी सर्व भागांचा तपासलेला मजकूर छापून, बांधून आपल्या संग्रहाला देऊ. आवाजाच्या फाइली हार्डडिस्कवर देऊ, म्हणजे दृष्टिहीन सभासदांना वाचनालयातच ऐकता येतील. दुरुस्त्यांची यादीही त्याच खंडात शेवटी असेल, कोणत्या भागात काय चुकले आणि कधी सुधारले यासह. महिन्यातून एका रविवारी बालविभागातल्या मुलांना माइक कसा धरायचा आणि आकडा कसा तपासायचा हे शिकवू.

येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा अर्ज घ्यावा. त्याआधी एक करा: वाचनालय बंद झाल्यावर, पंखे थांबवून, पुस्तकांच्या खोलीत टेबलावर मोबाइल ठेवा, तो फ्लाइट मोडवर टाका आणि एक मिनिट नुसते मुद्रण करा. मग हेडफोन लावून ऐका. जे ऐकू येईल ते कागदावर लिहा, सोबत खोलीची लांबी-रुंदी, छप्पर स्लॅबचे की पत्र्याचे, कपाटे लोखंडी की लाकडी, आणि त्या खोलीत अर्थिंगचा सॉकेट आहे का. तो कागद घेऊन चर्चेला आम्ही येतो.

आपले नम्र,
चिकित्सा, विज्ञान आणि मानवतावाद यांवर मराठीत पॉडकास्ट करणारे आम्ही